चांगूमावशीचा अर्धा राहिलेला पिक्चर

गुरुवार, पाच डिसेंबर. लग्नसराई सुरू झालेली. दुकानात नऊ साड्या फॉलसाठी पडून होत्या आणि त्यातल्या चार संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या. फॉलची खालची कड मी मशीनवर मारते, वरची मात्र हातानेच घालावी लागते, नाहीतर टाके साडीच्या सुलट बाजूला दिसतात. गेली आठ वर्षं ही वरची कड चांगूमावशी घालायची. आता मी घालते. तिच्याइतके बारीक टाके मला येत नाहीत आणि तिच्याएवढा धीर तर मुळीच नाही. दोन साड्या झाल्या आणि मान भरून आली. सुई कापडात खोचून ठेवली, पाणी प्यायले, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर गेली... मावशीला जाऊन तीन आठवडे झाले होते.

बातमी आली तीही गुरुवारीच. मी शटर वर करत होते, तेवढ्यात तिच्या मुलाचा, मधुकरचा फोन आला. "ताई, आये सकाली उठलीच नाय." मी विचारलं, डॉक्टर येऊन गेले का, दाखला लिहून दिला का. तो म्हणाला, डॉक्टर आत्ताच गेले, झोपेतच गेली म्हणाले. शटर परत खाली ओढलं, दाराला कागद चिकटवला आणि रिक्षा करून तिच्या गावी, कोनला गेले. घरात बायका रडत होत्या. सुनेला काही सुचत नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन मोठ्या पातेल्यात चहाचं आधण ठेवलं, कारण माणसं येतच राहणार होती आणि त्यांना काहीतरी द्यावं लागणार होतं. मावशीला पाहिलं ते त्यानंतर. नेहमीसारखीच दिसत होती, फक्त बोलत नव्हती, आणि ते मात्र नेहमीसारखं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघी पिक्चरला जाणार होतो. हे तिथे कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखी ती वेळ नव्हती.

चांगुणाबाई, म्हणजे आमची चांगूमावशी, हेमकला टॉकीजच्या लेडीज दारावर तीस वर्षांहून जास्त काळ होती. पनवेलच्या जुन्या वस्तीत वाढलेल्या माझ्या वयाच्या बायकांना एवढं सांगितलं तरी पुरतं. इतरांसाठी सांगते. हेमकला हे एका कुटुंबाच्या मालकीचं, एकाच पडद्याचं थिएटर. माझ्या आईचं लग्न व्हायच्याही आधीचं. पुढचं मोठं दार रस्त्यावर, आणि बायकांचं दार बाजूच्या बोळात. तिकिटाची खिडकीही वेगळी. आत उजव्या हाताला छातीएवढ्या लाकडी फळीने वेगळा केलेला बायकांचा भाग, त्यात लोखंडी खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीवर आपटली की बंदुकीसारखी वाजणारी लाकडी बैठक. गुरुवारी दुपारी बारा वाजता फक्त बायकांचा खेळ असायचा. कोन, पळस्पे आणि आसपासच्या गावांतल्या बायका सकाळचा बाजार उरकून, टोपल्या एकीवर एक रचून थेट टॉकीजवर यायच्या. आमच्यासारख्या पनवेलातल्या बायका जेवणं उरकून यायच्या. त्या फळीच्या आत सगळ्या एकत्र. बाहेर एकमेकींशी भाजीच्या भावावरून भांडलेल्या बायका आत एकच पदर फिरवून डोळे पुसायच्या.

अडचण होती ती पोरांची. तान्ही पोरं घरी कोणाजवळ ठेवणार? पोर रडलं की बायकांकडून शिव्या आणि इतर खेळांना फळीपलीकडच्या पुरुषांकडून शिट्याही. त्यावर मावशीने जो उपाय काढला होता, तो मी दुसऱ्या कुठल्याही थिएटरात ऐकलेला नाही. लेडीज दाराच्या आतल्या बोळकांडीत भिंतीला लोखंडी आकडे होते. पूर्वी कधीतरी कंदील टांगायला ठोकले असतील. मावशी त्यांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधायची. पोर रडायला लागलं की आई उठून दारापाशी यायची. मावशी पोर घ्यायची, त्या बाईच्या तिकिटाचा दारावर फाडून ठेवलेला गुलाबी अर्धा तुकडा शोधायची, तो सेफ्टी पिनने पोराच्या झबल्याला लावायची आणि पोराला झोळीत टाकून पायाने झोका द्यायची. हाताने तिकिटं आणि पायाने झोळी. एका वेळी पाच-पाच झोळ्या मी स्वतः पाहिल्यात. खेळ सुटला की आईने आपला अर्धा तुकडा दाखवायचा, दोन्ही तुकड्यांचे आकडे जुळवायचे, आणि पोर घेऊन जायचं.

यात गफलत एकदाच झाली म्हणतात. एका घरच्या दोन जावा गर्दीत एकमेकींची पोरं घेऊन गेल्या. दोघी एकाच रिक्षात बसून, एकाच दारातून, एकाच घरात शिरल्या आणि दूध पाजायच्या वेळी घोटाळा उघडकीला आला. सासू दुसऱ्या दिवशी तणतणत टॉकीजवर आली. मावशी म्हणाली, "येकाच घरात जायाची हुती ना दोघा? मंग माजी काय चूक?"

पण नुसतं तिकीट दाखवून पोर मिळायचं नाही. त्यावर मावशीची एक जकात होती. दारात उभं राहून ती विचारायची, "मंग? पुरं काय झाला?" म्हणजे पुढे काय झालं. तिचा पिक्चर झोळ्यांपायी नेहमी चुकलेला असायचा. पिक्चरचा आवाज तिला दाराच्या पडद्याआडून यायचा, गाणी पाठ व्हायची, पण चेहरे दिसायचे नाहीत. कोण मेलं, कोण परत आलं, चिठ्ठी कोणाच्या हाती लागली, हे पोर न्यायला आलेल्या प्रत्येक बाईने सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. "सांग, मंगच पोर भेटंल." माझ्या आईला तर पिक्चर सांगताना इतकं रडू यायचं की मावशी वैतागून म्हणायची, "तुजा रडून होऊ दे, तवर दुसरीला इचारते." मी त्या झोळीत झोपलेली आहे, गुलाबी तिकीट माझ्याही झबल्याला लागलेलं आहे. अर्थात यातलं मला काही आठवत नाही, हे सगळं आईचं सांगणं.

अशा पंधरा-वीस बायकांच्या सांगण्यातून मावशी एक पिक्चर जोडायची आणि शुक्रवारी सकाळी टॉकीज उघडायच्या आधी बाजारात जाऊन तो सांगायची. तिच्या गावच्या बायका तिथे रांगेने भाजी आणि सुकी मासळी घेऊन बसायच्या. ज्यांना गुरुवारी यायला जमलं नाही त्यांच्यासाठी हा शुक्रवारचा खेळ. मी कॉलेजला असताना एकदा भाजी घेता घेता तो ऐकला. आदल्याच दिवशी मी तो पिक्चर पाहिला होता, त्यामुळे थक्क झाले. पिक्चरमध्ये नायिका शेवटी सासूच्या पाया पडते आणि सासू तिला उठवून जवळ घेते. मावशीच्या पिक्चरमध्ये सासू पाया पडत होती.

मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "मावशी, असं नव्हतं काही."

"तू बगलास?"

"काल बघितला. पूर्ण."

"तवा तू रडत हुतीस का नाय?"

"थोडंसं."

"मंग तुला काय दिसलं असंल?" आणि परत जाऊन तिने सासूला आणखी दोन वाक्यं बोलायला लावली.

मला तेव्हा ते लबाडीचं वाटलं. आजही मला खोटं आवडत नाही. गिऱ्हाईकाला साडी मंगळवारी देईन म्हटलं की मंगळवारी देते. पण मावशीबरोबर वाद घालण्यात अर्थ नसायचा.

पुढे जे व्हायचं ते झालं. मॉल आले, त्यांच्यात चार-चार पडदे आले. गुरुवारचा खेळ बंद पडला. मग टॉकीजच्या मालकाच्या, शेठच्या मुलाने बायकांची खिडकी बंद केली, आतली फळी काढली, पिक्चर दाखवायचं नवं मशीन बसवलं आणि लेडीज दाराला आतून कडी घातली. त्याने ते वाईट मनाने केलं असं मी म्हणणार नाही. थिएटर पाडून इमारत बांधायला लोक त्याच्या मागे लागलेत आणि तो अजूनही रोज दोन खेळ चालवतो, यासाठी मी त्याला मानते. मावशीला त्याने झाडलोटीचं काम देऊ केलं होतं. ती म्हणाली, "मी दारावरची बाई हाय," आणि दोन गल्ल्या चालत माझ्या दुकानात आली. मला विचारलंही नाही. स्टुलावर बसली, टेबलावरची साडी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "सुई दे."

आठ वर्षं ती त्या स्टुलावर बसली. सकाळी दहाच्या रिक्षाने कोनहून यायची, पाचला जायची. दुकानात आलेल्या प्रत्येक बाईकडून काहीतरी काढून घ्यायची, कोणाचं लग्न, कोणाची जाऊ, कोणाची बदली. जकात चालूच होती. शुक्रवारी अर्धा तास उशिरा यायची, कारण बाजारातला तिचा फड सुटलेला नव्हता. आता पिक्चरऐवजी टीव्हीवरच्या मालिका सांगायची. मालिकेत मजा नाही म्हणायची. "संपतच नाय. मानसानं शेवट कुठं करायचा?"

एकदा अशीच कड घालताना, मान वर न करता म्हणाली, "बाय, मी येक पन पिक्चर आख्खा बगलेला नाय."

मला खरं वाटेना. तीस वर्षं टॉकीजवर! मग लक्षात आलं, खरंच नसेल पाहिला. सुरुवातीला उशिरा येणाऱ्या बायका, मध्ये पोरं, शेवटी दार उघडायची घाई. आणि सुट्टीच्या दिवशी टॉकीजवर कोण जातं! म्हटलं, टीव्हीवर बघतेस की. त्यावर म्हणाली, टीव्हीवरच्या पिक्चरला काय अर्थ, मध्येच कुकरची शिट्टी होते, मध्येच सून दुसरं काही लावते. "टाकीजमंदी. खुर्चीत बसून. पडदा वर जाल्यापासून समाप्त म्हनीपर्यंत." तिने हे अगदी सरळ सांगितलं, कोणी डॉक्टरला दुखणं सांगावं तसं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसरा पिकत आला होता. मी म्हटलं, नेते तुला.

इथे मला एक कबूल केलं पाहिजे. हे बोलणं झाल्यावर आम्ही प्रत्यक्ष जायला दोन वर्षं गेली. टॉकीज माझ्या दुकानापासून चार मिनिटांवर आहे. तरी दोन वर्षं. आधी गणपती, मग दिवाळी, मग लग्नं, मग मशीनची मोटर जळली, मग माझ्या मुलीची बारावी. कामाची माणसं स्वतःला नेहमी हेच सांगतात. मावशीने एकदाही आठवण केली नाही. तिने केली असती तर बरं झालं असतं.

शेवटी या दिवाळीनंतरच्या गुरुवारी मी ठरवून दुकान बंद ठेवलं. बाराच्या खेळाला मराठी कौटुंबिक पिक्चर होता. मावशी नवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून, साडेअकरालाच टॉकीजवर येऊन उभी. पुढच्या मोठ्या दाराने ती आयुष्यात पहिल्यांदा प्रेक्षक म्हणून आत गेली. दारावरच्या माणसाने तिकीट फाडलं तेव्हा तिने त्याचा हात धरला. "असा नको फाडू. आकडा मधी जातो." तो बिचारा हसला. आत आम्ही धरून सतरा माणसं होती. मावशी उजव्या बाजूलाच बसली, जिथे पूर्वी फळीच्या आत बायका बसायच्या. पडदा हळूहळू वर गेला. हेमकलाचा तो झालरीचा पडदा अजून आहे, शेठच्या मुलाने तेवढा ठेवलाय. मावशीने माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

गोष्ट साधी होती. एक बाई वीस वर्षांनी माहेरच्या गावी येते. आई-वडील नाहीत, घरात भाऊ-भावजय. भावाने वडिलांची जमीन विकायला काढलेली, आणि घेणाऱ्याला सांगितलेलं की मला बहीण नाही. बाई दारात उभी राहते तेव्हा ओटीवर तो घेणारा माणूस बसलेला असतो. तो विचारतो, ह्या कोण? भाऊ तिच्याकडे बघतो... आणि म्हणतो, मी ओळखत नाही यांना. तिथे मध्यंतर.

दिवे लागले. मी समोसे आणले. अर्धा समोसा खाऊन झाल्यावर म्हणाली, "मी पन सही केली हुती. रस्त्यात जमीन गेली तवा. भाऊ बोलला, ताई, आपल्यात काय. मी बोलले, खरा हाय, आपल्यात काय." उरलेला समोसा कागदात गुंडाळला. "मंग भाऊबीजेला यायचा बंद जाला. लाज वाटत असंल."

कोनच्या, पळस्प्याच्या, आसपासच्या कुठल्याही गावच्या बाईला विचारा. जमिनींना भाव आले तेव्हा बहिणींनी हक्कसोडीच्या कागदावर सह्या केल्या. कोणी मागितल्या म्हणून, कोणी माहेर तुटू नये म्हणून. मावशीने हे मला आठ वर्षांत सांगितलं नव्हतं. इतक्यात दिवे गेले. "आता बगूया वलखतो का," ती म्हणाली आणि पुढे सरकून बसली.

मध्यंतरानंतर पाच मिनिटंही झाली नसतील. आमच्या मागे दोन रांगा सोडून एक तरुण मुलगी तान्हं बाळ घेऊन बसली होती. बाळ रडायला लागलं. मी मावशीकडे पाहिलं. तिने डोळे पडद्यावरच ठेवले, पण तिचा उजवा पाय हलायला लागला होता. बाळाचा आवाज चढला. पुढून एकजण "अरे यार" म्हणाला. मुलगी उठून बाहेर निघाली तशी मावशीही उठली. मी पदर धरला. "बस. तू आज दारावर नाहीस."

"आलीच," म्हणाली.

मी बसून राहिले. दोन मिनिटांनी राहवेना म्हणून मागे गेले. बोळकांडीत मावशी हात पुढे करून उभी होती. "दे गो हिकडं. तू जा, पिक्चर बग."

मुलीने बाळ घट्ट धरलं. "कोण तुम्ही?"

मावशीला हा प्रश्न त्या जागी कोणी कधी विचारला नसेल. तिचे हात तसेच राहिले. मी पुढे होऊन म्हटलं, अहो, या इथे होत्या पूर्वी, मी स्वतः यांच्या झोळीत झोपलेय. मुलगी म्हणाली, "असेल हो काकू, पण मी नाही देणार." त्या मुलीचं काही चुकलं नाही. मीही माझी मुलगी दिली नसती. आज कोणीच देणार नाही. पण मावशीचा चेहरा बघून मला राग आला, आणि राग आला की मी जे करते तेच केलं. म्हटलं, चल आत, पिक्चर चुकतोय. ती म्हणाली, "तू जा. दोघींचा कशाला चुकवायचा?"

मी आत गेले आणि उरलेला पिक्चर एकटीने पाहिला.

बाहेर आले तर भिंतीच्या आकड्यांना, ज्यांच्यावर आता निळ्या ऑइलपेंटचे तीन हात बसलेत, त्या मुलीची ओढणी झोळीसारखी बांधलेली. त्यात बाळ गाढ झोपलेलं. मावशी पायरीवर बसून पायाने झोका देत होती आणि ती मुलगी शेजारी बसून होती. बाळ तिने मावशीच्या हातात दिलंच नव्हतं, स्वतः झोळीत ठेवलं होतं आणि स्वतः पहाऱ्याला बसली होती. म्हणजे पिक्चर दोघींचा चुकला. "मी किती बोलले, जा, बग," मावशी म्हणाली. "जायाच नाय. मंग दोघी बसलो. तळोज्याची हाय ही. नवरा कंपनीत, रातपाळीचा घरी झोपतो दुपारचा, म्हनून ही पोर घेऊन भटकते. चांगली हाय." आणि लगेच, तोच सूर, तेच वाक्य: "मंग? वलखला का त्यानं?"

मी म्हटलं, "सांगणार नाही."

"अगो सांग ना."

"दोन वर्षांनी एक दिवस काढला तुझ्यासाठी. आख्खा बघायचा होता ना तुला? मग बघायचा. पुढच्या गुरुवारपर्यंत आहे हा पिक्चर. परत येऊ. आणि त्या दिवशी पोरंच काय, टॉकीज कोसळली तरी तू उठायचं नाहीस."

"उद्या बाजारात बाया इचारतील."

"त्यांना अर्धा सांग."

ती हसली. दात नसलेलं, पोट हलवून हसणं. "अर्धाच सांगन मंग. शिनेमावाल्यांसारखा मध्यंतर करन आठ दिवसांचा." आणि खरंच, शुक्रवारी तिने बाजारात भाऊ "वलखत नाय" म्हणतो तिथवर सांगून थांबवलं. आठवडाभर दुकानात मला खोदून खोदून विचारत राहिली. येवढा तरी सांग, येते का डोल्यात पानी? शेवटी सही होते का? मी तोंड मिटून मशीन मारत राहिले. मला मजा वाटत होती. बुधवारी संध्याकाळी जाताना दारातून म्हणाली, "उद्या बारा." मी म्हटलं, "उद्या बारा."

तिच्या दहाव्याला मी गेले होते. नदीकाठी पिंड ठेवला आणि माणसं मागे सरायच्या आत कावळा येऊन शिवला. सगळ्यांना बरं वाटलं. मधुकरने डोळे पुसले. कोणीतरी म्हातारे गृहस्थ म्हणाले, तृप्त गेली, काही इच्छा मागे राहिली नाही. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, पण त्या दिवशी तो कावळा थोडा थांबला असता तर मला चाललं असतं. काय राहिलं होतं ते तिथे एकट्या मला माहीत होतं, आणि ते मीच अडवून ठेवलं होतं.

तर त्या पाच डिसेंबरच्या गुरुवारी, मान मोकळी करून मी तिसरी साडी घेतली, तेव्हा दुकानाच्या पायरीवर नामीबाय येऊन उभी राहिली. कोनचीच, मावशीची जन्माची सोबतीण, बाजारात वालाच्या शेंगा घेऊन बसते. तिच्या हातात एक ब्लाउजपीस होतं, पण ते निमित्त होतं हे लगेच कळलं.

"ताई, तुमी हुतात ना चांगीच्या संगती? त्या पिक्चरला?"

"होते."

"पुरं काय झाला?" मी सुई खाली ठेवली तशी ती अवघडली. "वाईट वाटून घेऊ नका. आमी तिघी-चौघी बसतो ना तिथं, रोज तेच बोलनं निघतं. ती बोलली हुती, पुरच्या शुक्रवारी सांगते. मंग ती गेली, आनि ती बहीन दारातच उभी हाय आमची."

मी म्हटलं, आज साड्या द्यायच्यात, उद्या सकाळी येते बाजारात. ब्लाउजचं माप घेतलं. ती गेली. साड्या चारही वेळेत दिल्या.

आता त्या पिक्चरचा शेवट. भाऊ दुसऱ्या दिवशी धर्मशाळेत येऊन बहिणीला भेटतो, कारण घेणाऱ्याच्या वकिलाला तिचं नाव सापडलेलं असतं आणि तिच्या सहीशिवाय व्यवहार होणार नसतो. तो रडतो. चुकलो म्हणतो. ती त्याचे डोळे पुसते, कागद मांडीवर घेते, सही करते आणि हसत एसटीत बसते. संगीत, समाप्त. सतरापैकी निम्मी माणसं रडत होती. मला विचाराल तर मला ती बाई मूर्ख वाटली, पण पिक्चर माझा नव्हता. ज्यांनी तो पाहिला असेल त्यांना विनंती, बाजारात गेलात तर याविषयी काही बोलू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी बाजारात गेले. नामीबायने मला गोणपाट घालून दिलं. शेजारची सुकटवाली आणि तिच्या पलीकडची एक म्हातारी, दोघी सरकून जवळ आल्या. मला गोष्ट सांगता येत नाही. मी हिशोबाने सांगितली. भाऊ धर्मशाळेत आला, वकिलाचं असं झालं, तो रडला. सुकटवाली म्हणाली, "रडंलच. काम पडला ना." म्हातारी म्हणाली, "गप गो, सांगू दे." मी म्हटलं, मग त्याने कागद काढला, पेन दिलं. तिने पेन हातात घेतलं.

तिघींचे हात थांबले. नामीबायच्या बोटांत एक शेंग अर्धी सोललेली होती. तिन्ही अंगठ्यांकडे माझं लक्ष गेलं. काळपट, चिरा पडलेले, आणि कुठल्या ना कुठल्या कागदावर नक्की उमटलेले.

"केलान सही?" नामीबायने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "पेनाला टोपण लावलं आणि परत दिलं. म्हणाली, काल ज्याच्यासमोर तू मला ओळखत नाही म्हणालास, त्याला आधी इथे घेऊन ये. त्याच्यासमोर सांग मी कोण आहे ते. मोठ्याने सांग. मग बघू कागदाचं."

"मंग? आनलान त्याला?"

"आणलं. सगळा गाव जमला होता. सांगितलं."

"मोठ्यानं?"

"मोठ्याने."

"आनि सही?"

"तरी नाही केली."

नामीबायने ती शेंग पुरती सोलली, दाणे टोपलीत टाकले. "बरा केलान," म्हणाली, आणि समोर येऊन उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला विचारलं, "किती देऊ गो, अर्धा किलो?"